डोंगराकडचं गोणपाट

काल नातवाने कुंड्यांखालच्या गोणपाटावर पाणी ओतलं आणि त्या ओल्या वासाने मला अरबस्तानातलं हेच फुजैरा आठवलं, साठ-पासष्ट सालचं. माझं नवीन लग्न झालेलं, घर खजुराच्या झापांचं. मे महिन्यात डोंगरावरून असा वारा यायचा की पितळी पेल्याला हात लावता येत नसे. मोठे दीर म्हणाले, "पोरी, पुढच्या आठवड्यात मुंबईची लाँच सुटतेय. गावाला जा. इथला उन्हाळा आपल्या बायकांना झेपत नाही." आधी अशाच गेलेल्या दोघींना नवऱ्यांनी परत बोलावलंच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. माझा नवरा खाली बघत बसला. मी म्हटलं, "मी जाणार नाही." तांदळाची रिकामी गोणपाटं भिजवून मी समुद्राच्या बाजूला बांधली, कारण आमच्या गावाकडे कोकणात झड समुद्राकडून येते. दीर पोट धरून हसले. "वारा डोंगरातून येतोय आणि हिने पडदा समुद्राला लावलाय." मी गोणपाटं सोडली, डोंगराकडे बांधली आणि दिवसभर त्यांवर विहिरीचं मचूळ पाणी मारत राहिले. तोच तापलेला वारा गार होऊन आत यायला लागला. लाँच सुटायच्या दिवशी दुपारी दीर चटई घेऊन आले आणि गुपचूप गोणपाटाशी आडवे झाले. मी विचारलं, "भाईजान, लाँच सुटतेय. तुम्हाला जायचंय का?" त्यांनी कूस बदलली. आताही इथे दर जूनला नातू म्हणतो, "दादी, इट्स टू हॉट, गावचं टिकीट काढू?" मी सांगते, तुझं काढ.