हिरवट भुकटी

श्रावणात व्याह्यांना मटण घालता येत नाही, म्हणून त्या दिवशी आमच्याकडं अळिंबी शिजणार होती. धाकटीचं लग्न उन्हाळ्यात चाकूरकडं झालं. तिचे सासरे पहिल्यांदाच इस्लापूरजवळच्या आमच्या गावी मुक्कामाला आले होते. सकाळी फिरायला गेले अन् उपरणं भरून पांढरी अळिंबी घेऊन आले. शाळेमागच्या गवतात सापडली म्हणाले.

आमच्या घरात मी पहिली पदवीधर. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. आमचे वडील, दादा, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, अन् मलाही ऐकायला आवडतं. आम्ही खातो ती अळिंबी वारुळावर उगवते, तिचा देठ मुळीसारखा खोल जातो. ही गवतातली, देठ वरच संपलेला. मी एक टोपी पांढऱ्या कागदावर ठेवली, वर वाटी झाकली आणि भुकटी झडेल, दुपारपर्यंत थांबा म्हणाले.

व्याही हसले. त्यांची परीक्षा वेगळी होती. देव्हाऱ्यातला चांदीचा रुपाया मागून घेतला अन् अळिंबीच्या उकळत्या भगुल्यात टाकला. तो काळा पडला नाही. आई मसाला वाटायला बसली. या विषाचं चांदीला काही कळत नाही, हे मी सांगून पाहिलं.

दुपारी वाटी उचलली. आम्ही खातो त्या अळिंबीची भुकटी गुलाबीसर पडते. कागदावर हिरवट पडली होती. कागद व्याह्यांना दाखवला. गवतात उगवलंय तर हिरवंच पडंल की, म्हणाले.

दादांनी मला चुलीपाशी गाठलं. आवाज अगदी खाली.

"त्यांनी सोता खुडून आणलीय. चांगली हाय म्हण अन् मोकळी हो. तिकडं पोरगी नांदती आपली."

मागं चूल, दारात दादा, ओसरीवर पाट मांडलेले. मी भगुलं उचललं, दादांच्या बाजूनं कशीबशी बाहेर पडले आणि परसातल्या खड्ड्यात ते पालथं केलं. वर राख लोटली.

व्याह्यांनी पिठलं-भाकर खाल्ली. "पोरगी लई शिकवली तुमी," एवढंच दादांना म्हणाले अन् मिळेल त्या गाडीनं निघाले.

नंतर धाकटीचा फोन आला. पाहुण्यापुढचं ताट ओढणाऱ्या घरची म्हणून सासू तिला येता-जाता बोलून राहिली होती.

"आक्का, खरंच विषारी होती का गं ती?"

"हाव."

"मग कुणाला तरी एखादी उलटी व्हायला पायजे होती. मी काय दाखवू इथं?"

मागून सासूची हाक आली. तिनं फोन ठेवला.