विमानतळावर कोण चुकलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवालासुद्धा नाही — देवापुढं उभा राहिलो की दुसरंच काहीतरी पुटपुटतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी त्यातल्या त्यात जमेल. शाळा माझी चौथीपर्यंत. जसं येईल तसं लिहितो.

एका सिनेमापासून सुरू करतो.

माझं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि मी इथं अमेरिकेत, अर्विंगला, मुलाच्या घरी, सोफ्यावर पडून होतो. मला करमावं म्हणून नात ईरा इंग्लंडचे जुने काळे-पांढरे सिनेमे लावून द्यायची. भाषा कळायची गरजच नाही. माणसं पडतात, आपटतात, टोप्या उडतात. त्या दिवशीच्या सिनेमात इंग्रजांचा एक घोळका परदेशात सहलीला निघालेला. पुढारी एक मिशीवाला. नकाशा उलटा धरतो, पण कुणाला विचारेल तर शपथ! सगळ्यांना कोंबड्यांनी भरलेल्या भलत्याच बोटीत चढवतो. आणि त्यांच्यातली एक जाडी बाई स्टेशनावर मागं राहते, बॅग ओढत या फलाटावरून त्या फलाटावर धावत सुटते.

"आबा, लुक! दॅट्स आजी!" ईरा ओरडली.

सगळे हसले. मुलगा संदीप, सूनबाई. स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभी असलेली माझी बायकोसुद्धा हसली. का हसले, ते कळायला मागचं सांगावं लागेल — आणि तिथंच माझा हात थांबतो.

आम्ही दोघं पहिल्यांदा अमेरिकेला आलो तेव्हाचं. इंग्रजी न येणाऱ्या आईबापांसाठी इथली मुलं करतात तेच संदीपनं केलं होतं. दोघांना व्हीलचेअर मागवली होती. पाय धड असले तरी. खुर्चीत बसलं की ढकलणारा माणूस थेट दुसऱ्या विमानाच्या दाराशी नेऊन सोडतो, कुणाशी बोलावं लागत नाही. मधल्या विमानतळावर दोन माणसं खुर्च्या घेऊन उभी होती. मी बत्तीस वर्षं जम्मूपासून कन्याकुमारीपर्यंत ट्रक नेलेला माणूस. लुळ्यापांगळ्यासारखा खुर्चीत बसू? मी? हातानंच हाकललं त्यांना. ही बसायला निघाली होती, तिलाही उठवलं.

पुढं मी, मागं ती. आकडे वाचता येतात मला. दाराचा नंबर बरोबर बघून तिथं बसलो. थोड्या वेळानं तिथली माणसं उठून भलतीकडं निघाली.

"अहो, ती लाल स्वेटरवाली बाई आपल्याच विमानातली. तीपण गेली. विचारा की कुणाला तरी."

"तुला काय कळतंय? गप बस."

दार बदललं होतं. विमान गेलं.

नऊ तास उशिरा पोचलो. संदीप रडवेला झालेला. "आबा, व्हीलचेअर बुक केली होती ना! झालं काय?" शेजारी सूनबाई, पहिल्यांदाच तिच्या दारी आलेलो. आणि मी म्हणालो — हे लिहायला मला इतकी वर्षं लागली — मी म्हणालो, "आईला विचार तुझ्या. बाथरूमला म्हणून खुर्चीतून उठली आणि हरवली. तिला शोधण्यात विमान गेलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "हो रे बाबा. चुकलेच मी."

तेवढ्यावर थांबलो असतो तर? थांबलो नाही. मंडळाच्या गणपतीत, कुणाकडं जेवायला जमलो की, मी ती गोष्ट रंगवून सांगायचो. ही कशी गोंधळली, कशी पळाली, उठून करून दाखवायचो. "काका, परत एकदा!" म्हणायचे लोक. ही ताटं वाढत असायची.

तर त्या दिवशी सिनेमा चालू, सगळे हसतायत, आणि हिनं हात पुसले.

"हसा किती हसायचं ते. पण मला कराडला जायचंय. शालनला बघायचंय."

शालन तिची धाकटी बहीण. कॅन्सर. सकाळीच फोन आला होता, ताईला बोलवा म्हणत होती. मला डॉक्टरांनी विमान बंद केलेलं. संदीपचं व्हिसाचं काम अडकलेलं, देश सोडला तर परत येता येईल की नाही कोण जाणे. ईराची शाळा, सूनबाईची नोकरी.

"आई, एकटी? सीरियसली? तुला गेट सापडत नाही!"

"व्हीलचेअर कर. बसेन मी खुर्चीत. उठायचीच नाही."

"मागच्या वेळी पण केली होती ना!"

 ती माझ्याकडं बघत राहिली. एक वाक्य बोलायचं होतं मला. 'अरे, ती हरवली नव्हती.' चार शब्द. सूनबाई समोर बसलेली, नात मांडीशी. बोललो असतो तर काय झालं असतं? हसले असते मला. तेवढंच ना?

पडद्यावर सगळ्यांना ती जाडी बाई दिसत होती. मला मिशीवाला दिसत होता. तो धाडकन पाण्यात पडला, आणि मी मोठ्यानं हसलो. टाके दुखेपर्यंत हसलो. ती आत गेली.

शालन अठराव्या दिवशी गेली. भाच्यानं व्हिडिओवर दाखवलं. हिनं फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. "शालन, आले नाही गं मी," म्हणाली. मी बाहेरून ऐकलं. थोड्या वेळानं माझ्या गोळ्या आणि पाणी घेऊन आली. त्यावर ती मला कधी काही बोलली नाही. एकदाही नाही.

गेल्या वर्षी ती गेली. इथल्याच हॉलमध्ये माणसं जमली होती. संदीप आईच्या आठवणी सांगत होता, आणि बोलता बोलता त्यानं विमानतळाची गोष्ट काढली. डोळे पुसत पुसत लोक हसले. मग तो माझ्याकडं वळला.

"अशीच होती ना आई? हो ना, आबा?"

मी हो म्हणालो.