गोदावरीच्या घाटावरची पारख

त्या वर्षी माझी देवावरची श्रद्धा उडाली होती असं नाही. पण देवाला माझ्या कामातलं काही कळत असेल, यावर माझा विश्वास नव्हता. निजामाच्या राजवटीत सोनपेठकडच्या एका देशमुखांच्या पागेत मी चाबूकस्वार होतो, म्हणजे घोड्यांना चाली शिकवणारा. देव पिकापाण्याचं बघतो, लेकराबाळांचं बघतो. घोडीनं उजवीकडचं रिंगण नीट का घेऊ नये, हे त्याला कुठून ठाऊक असणार, असं मला वाटायचं.

घोडीचं नाव चांदणी. तोंडाची इतकी हलकी, की लगामाला बोट लावलं तरी तिला कळायचं. चैत्रातल्या जत्रेत तिनं चालींमध्ये पहिला मान मिळवला. ज्येष्ठात मात्र एका नव्या घोड्यानं मला पाडलं. उजवा खुबा दुखावला आणि दोन महिने मी अंथरुणावर पडून होतो. उठून पुन्हा चांदणीवर बसलो, तर घोडी बदललेली. डावीकडं गोल छान फिरायची. उजवीकडं वळवली की अंग ताठ करायची, शेपूट झटकायची. दसऱ्याला गावासमोर ती चाल मोडून रिंगणाबाहेरच निघाली. देशमुख रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "माघात परभणीला तालुकदारसाहेबांसमोर फिरवायची हाय. तिथं जमलं न्हाई तर टांग्याला देऊन टाकू."

टांग्याला जुंपलेली चांदणी माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. मी लगाम बदलला, तिचे टोचणारे दात कानशीनं घासून घेतले, तिच्या पाठीला शेक दिला. पोखर्णीच्या नृसिंहाला नवस बोललो, की घोडी सरळ कर. शेवटी मार्गशीर्षात पाथरीला नेऊन नवे नाल ठोकून घेतले. परतताना गोदावरीच्या काठी थांबलो. पात्रात मुद्गलचं देऊळ दिसत होतं. काठावरच्या कडक जमिनीवर घोडी फिरवून पाहिली. उजवीकडं तेच. मी देवळाकडं तोंड करून म्हणालो, "मला कळत न्हाई. माझं शहाणपण संपलं." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी देवाला काय करायचं ते सांगितलं नव्हतं.

बाभळीखाली एक म्हातारी नावेची वाट बघत बसली होती. शेजारी तिची लेक.

"घोडीला कशापायी शिणवायलास, बाबा?" म्हातारीनं विचारलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत पांढरे मोतीबिंदू होते.

"अम्मा, तुमाला दिसतंय का?"

"दिसत न्हाई. ऐकू येतंय. डाव्या अंगाचे नाल जड वाजायलेत. खाली उतर अन् मोकळी फिरव."

मला नवल वाटलं. मी उतरलो आणि लांब दोरीवर चांदणीला उजवीकडं फिरवलं. घोडी पाण्यासारखी वळली.

"आता चारी सारखे वाजतेत," म्हातारी म्हणाली. "दुखणं घोडीत न्हाई. बसणाऱ्यात हाय."

खुबा दुखतो म्हणून मी नकळत सगळं अंग डावीकडं टाकत होतो. लगामानं तिला उजवीकडं बोलवायचो आणि वजनानं डावीकडं ओढायचो. नाव आली आणि त्या दोघी गेल्या. जाताना लेकीकडून एवढंच कळलं, की अम्मा पाथरीच्या एका नालबंदाची विधवा आहे.

घरी आल्यावर बायकोला रिंगणाशेजारी बसवलं. ती डाळ निवडता निवडता मधूनच म्हणायची, "वाकडे व्हायलात." मी दुखरी बाजू सोसत सरळ बसायचो. महिनाभर हेच चाललं. माघात परभणीला मांडवापुढं चांदणीनं दोन्ही रिंगणं घेतली. ढोल वाजायला लागले तेव्हा माझी मूठ आवळायला निघाली होती. मी ती सैल सोडली, आणि घोडी न बिथरता जागच्या जागी उभी राहिली. दुसरा मान मिळाला. देशमुखांनी विचारलं, "हिला काय झालं होतं रे?"

"मीच वाकडा होतो, सरकार," मी म्हणालो. ते हसले आणि टांग्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पुढं चांदणीला घेऊन मी पाथरीला गेलो आणि विचारत विचारत म्हातारीचं घर काढलं. तिला मी आठवत नव्हतो, म्हणून घाटावरचं सगळं सांगितलं. चाळीस वर्षं नवऱ्याच्या भट्टीपाशी बसून तिनं नाल ठोकून निघालेल्या घोड्यांच्या टापा ऐकल्या होत्या, त्यामुळं तिची पारख मला समजली. पण ती त्याच दिवशी त्या घाटावर कशी? ती म्हणाली, "लेक बोचकं घरी विसरली. ती माघारी गेली अन् सकाळची नाव चुकली." एवढंच. त्या विसरलेल्या बोचक्याचा मी आजही विचार करतो. कुणी विसरायला लावलं, असं मी म्हणत नाही. पण कितीतरी महिने मी घोडीला सरळ कर म्हणून मागत राहिलो; माझे हात रिकामे झाले तेव्हा जे मिळालं, ते मला मागायलाही सुचलं नसतं.

निघताना अम्मा म्हणाली, "बोळातून एकदा फिरव की." मी वर बसून चांदणीला त्या दगडी बोळातून नेलं आणि आणलं. अम्मा मान तिरकी करून शेवटच्या टापेपर्यंत ऐकत राहिली. "बरा बसायलास आता," ती म्हणाली. मी खाली उतरून हात जोडले. मग ध्यानात आलं, तिला हे दिसायचं नाही. म्हणून वाकून तिच्या पायांना हात लावला.