फाल्गुनातलं सरपण

२०२३ सालचा फाल्गुन. उसाचे फड संपत आले होते आणि वाईच्या भागात हळद शिजत होती. मी पिकअपमधून धरणाकाठच्या पर्यटकांच्या तंबूंना सरपण पोचवायचो, आजही पोचवतो. शाळा चौथीपर्यंत झाली, पण लाकूड मला कळतं. गाडी रोज रिकामी होते. किस्से काही उतरत नाहीत.

*

पुण्याच्या एका मुलीनं विचारलं, "काका, लाकूड नक्की ड्राय आहे ना?"

मी दोन लाकडं एकमेकांवर आपटली. खणखणीत आवाज आला.

"कळलं?"

"नाही."

"मग विचारलंत कशाला?"

ती दर वर्षी माझ्याकडूनच सरपण घेते.

*

कुपवाडचा बाबू सुट्ट्यांच्या गर्दीत गाडी घेऊन आमच्याकडं येतो. कारखान्यातल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या आणतो. एकदा त्यानं माल उतरवला आणि त्याच फळ्यांवरून गाडी मागं घेतली. दोन चाकं बसली.

मी म्हणालो, "बाबू, लाकूड इकतोस का खिळं?"

"तात्या, खिळं फुकट हायती."

*

त्याच फाल्गुनात चाळीस माणसांच्या कॅम्पला सरपण द्यायचं होतं. संध्याकाळी सहाचा शब्द दिला होता. ओलं लाकूड मी आजवर कुणाला दिलं नव्हतं. निघताना आभाळ भरून आलं. बाबू म्हणाला, "तात्या, ताडपत्री घाला."

"फाल्गुनात पाऊस? मला शिकवू नगं."

निम्म्या वाटेत पावसानं झोडपलं. सगळा माल भिजला. रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडखाली कुसुमबाई हळद शिजवत होती. येताजाता बघायचो, एवढीच ओळख. तिच्या मागं वाळकी बाभूळ रचलेली होती. मी गाडी थांबवली. सीटमागं ताडपत्रीची घडी तिला दिसली.

"आवं तात्या, ताडपत्री तेवढी कोरडी ऱ्हायली व्हय?"

मी घडी सीटखाली ढकलली.

"कवा पोचायचंय?"

"सहाला."

"मग बगताय काय? माझं भरा. हळद थांबंल दोन दिस. तंबूतली मान्सं थांबायची न्हाईत."

मी ओला माल बाहेर बांधावर उतरवला. म्हणालो, "ही लाकडं बदल्यात धरू नका. ओलं मी कुणाला देत न्हाई."

पाऊस उघडला. पावणेसहाला कॅम्पवर जाळ झाला.

हळद दोन दिवस थांबली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गाडीभर वाळकी बाभूळ तिच्या शेडखाली रचली. तिनं कढईखाली जाळ घातला.