कडेचा कोपर

रेकॉर्डच्या कव्हरवर बुवांचा हसरा चेहरा आहे आणि डाव्या कडेला एक कोपर. तो माझ्या आईचा. पंचवीस वर्षं ती बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसली. पंचाहत्तरीला तिला तिचा तंबोऱ्यासकटचा एक फोटो द्यावा म्हणून मी दळवींकडे गेले. रेकॉर्ड कंपनीत गवयांचे फोटो काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली.

त्यांनी खोकी उघडली. दुपारभर मी निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. आई कुठे बुवांच्या खांद्याआड, कुठे धूसर, कुठे मनगटाशीच संपलेली.

"कव्हरवर एकच चेहरा, असा नियम होता ताई. मी काढतानाच बाकीचे बाहेर ठेवायचो. हा बघा, बाईंचा हात किती स्पष्ट आलाय. मोठा करून देऊ?"

"त्यांचं नाव आठवतं?"

"तंबोरेवाल्या बाईच म्हणायचो आम्ही."

मला किळस आली. माणूस दुष्ट असता तर भांडता आलं असतं. कुणाला वगळायचं हे त्यांना बघताक्षणी कळायचं, आणि त्यालाच ते कसब म्हणत होते. आमच्या ऑफिसच्या ग्रुप फोटोतही शिपाई न सांगता बाजूला होतात, आणि आम्ही छान हसतो.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"दळवींना कशाला बोल लावतेस? भला माणूस. कधी शब्दाने बोलला नाही. कॅमेरा उचलला की नुसती मान हलवायचा, मी मागे सरायचे."