नागिणीची गोळी आणि पाण्याची वाटी

माझा धाकटा भाऊ दिव्याला राहतो आणि मी ठाकुर्लीला. त्याच्या पोटात जी किडनी आहे ना, ती त्याच्या बायकोची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या किडनीपायीच आहे.

ती बसवण्याआधी बरीच वर्षं तो डायलिसिसवर होता. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साचायचं. दिवसभराचं पाणी एका तांब्यात मोजून ठेवायचं आणि स्टीलच्या छोट्या वाटीने द्यायचं. तेव्हा तो माझ्याकडेच राहायचा, म्हणून वाटी माझ्या ताब्यात. वाटी रिकामी झाली की तो म्हणायचा, "ताई, अजून थोडं?" मी म्हणायचे, "बस." पाण्यावरून सख्ख्या भावाशी भांडलेली बाई आहे मी. एकदा एका लग्नात आमची नजर चुकवून त्याने मठ्ठ्याचे दोन ग्लास रिचवले. घरी पोचेपर्यंत त्याला श्वास पुरेना, रिक्षा तशीच दवाखान्याकडे वळवली.

असो. तर गेल्या वर्षी त्याला नागीण झाली. आधी नुसती बरगडीखाली आग होत होती, मग तिथे फोडांची रांग उठली. शेजारच्या काकी लगेच गेरू घेऊन हजर. "लेप लाव, आणि मानपाड्याला एक मंत्र घालणारा आहे, त्याच्याकडे ने. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला." भावजयीने गेरू ठेवून घेतला, चहा दिला आणि आत जाऊन किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज आणा.

त्यांनी नीट समजावलं. परकी किडनी अंगाने नाकारू नये म्हणून हा ज्या गोळ्या घेतो, त्यांनी प्रतिकारशक्ती मुद्दामच खाली ठेवलेली असते. अशा माणसाची नागीण पसरू शकते, म्हणून औषध लवकर सुरू झालेलं बरं. पण ते औषध किडनीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे मात्रा रक्ताचा रिपोर्ट बघून ठरवायची. रोजच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. दुखतंय म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं. आणि औषध किडनीत साचू नये म्हणून पाणी दिवसभर, भरपूर.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर काकी परत आलेल्या, हातात गोळ्यांचं पाकीट. "सासूबाईंना नागीण झालेली, तेव्हाच्या उरल्यात. नाव वाच, हीच आहे. त्या जास्त घ्यायच्या, लवकर बऱ्या झाल्या."

भावजय म्हणाली, "काकी, नाव तेच आहे. पण तुमच्या सासूबाईंच्या दोन्ही किडन्या धडधाकट. इथे चालणारी एकच आहे, तीही माझी."

काकी हसल्या आणि पाकीट पर्समध्ये टाकून गेल्या.

मी भावाजवळ बसले. त्याच्या उशाशी पाण्याची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. जेवण झालं, दुपार गेली, तरी तशीच.

"अरे, पाणी?"

"पितो गं. आज टँकर येतो की नाही कुणास ठाऊक. असू दे थोडं घरात."

दिव्यात पाण्याचं हे नेहमीचंच, म्हणून मीही गप्प बसले.

पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. किडनीवर ताण आला की हा आकडा चढतो. भावजयीचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, दुखण्याची गोळी घेतली का? नाही. पाणी किती पितात? तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो चादरीकडे बघत होता.

फोन ठेवल्यावर म्हणाला, "ग्लास तोंडाला लावला की तो मठ्ठा आठवतो. छातीत पाणी भरल्यासारखं वाटतं. माहितीये मला, आता तसं काही होत नाही. पण घशाखाली उतरतच नाही."

ते 'बस' त्याच्या घशात मीच बसवलं होतं. तेव्हा ते गरजेचं होतं, आता तेच आडवं येत होतं.

डॉक्टरांनी नागिणीच्या गोळीची मात्रा कमी करायला सांगितलेली आणि पाण्याबद्दल पुन्हा बजावलेलं. भावजयीने ग्लास भरला आणि त्याच्यासमोर बसली. "हे तुमच्यासाठी नाहीच मुळी. माझ्या किडनीला तहान लागलीये. तिला मी तुमच्याकडे सुकायला नाही पाठवली."

तो हसला. हसता हसता बरगडी दुखली म्हणून कण्हला.

मी आत गेले, मांडणीवरून एक लहान वाटी काढली आणि ग्लासातलं पाणी तिच्यात ओतलं. ग्लासाची धास्ती, पण वाटी त्याच्या ओळखीची. त्याने ती रिकामी केली. मी परत भरली. तीही प्याला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, बस?"

म्हटलं, "अजून थोडं."

दिवसभर आम्ही दोघी आळीपाळीने हेच करत होतो. नंतरच्या रिपोर्टात आकडा खाली आला. फोड सुकले, आग मात्र बरेच दिवस रेंगाळली. आता तो ग्लासाने पितो. मी त्याच्याकडे गेले की मात्र वाटीच मागतो.