परीक्षेची पेशंट

समजा, तुमचं मनगट लुळं पडलंय. समोर पांढऱ्या कोटातली मुलं रांगेत उभी. पहिला म्हणतो, मनगट वर उचला. तुम्ही सगळा जीव लावता, मनगट हलत नाही. तो समाधानाने मान डोलावून बाजूला होतो. मग दुसरी येते आणि तेच सांगते. हे दुपारपर्यंत चालतं.

पेठकडच्या कुसाबाईने हे आठवडाभर सोसलं. घरावर कौलं चढवताना पडून तिचा दंड मोडला होता, नस दुखावली होती. १९९७ साली आशा देवरे नाशिकच्या एका कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपी शिकवायची. म्हणजे हातपाय अधू झालेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा कशी जमवून द्यायची, ते. कुसाबाईच्या मनगटाला आधार देणारी पट्टी तिनेच बनवली होती. हाड जुळलं होतं, घरी पाठवायला हरकत नव्हती, आणि तिकडे गावी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली होती. पण सोमवारी मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा होती, आणि इतकी स्पष्ट लक्षणं दाखवणारा हात रोज मिळत नाही. विभागप्रमुख बोरस्ते सर म्हणाले, ठेवून घ्या तिला. विचारा, म्हणजे झालं.

आशाने विचारलं. कुसाबाई लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की परत निघालेली आशा थांबली. आवणीचं काय, तिने विचारलं. कुसाबाई इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "नाय म्हनलं तं पट्टी देशील का बाय?"

आशाने कपाटातून पट्टी आणली, बांधली, कशी काढायची-घालायची ते दाखवलं, आणि मग पुन्हा विचारलं.

"मंग जाते मी," कुसाबाई हसली. "तुझ्या पोरांना सांग, मनगट नाय उचलत. समद्यांनी एकदाच लिहून घ्या."

ती दुपारच्या एसटीने गेली. बोरस्ते सर एवढंच म्हणाले, "देवरे मॅडम, तुम्ही तिला विचारायला गेला होतात की पोचवायला?" त्या वर्षी परीक्षा कागदावरच्या पेशंटवर झाली. त्या मुलांतली निकिता पुढे नोकरीला लागली, आणि असा हात पहिल्यांदा समोर आल्यावर तिने पट्टी उलटी बांधली. हे तिनेच येऊन आशाला सांगितलं. आशाने तेही पेशंटच्या संमतीवरच्या आपल्या निबंधात घातलं.

निबंध लिहायला बरीच वर्षं गेली. वॉर्डात हो म्हटलेल्या पेशंटना आशा नंतर त्यांच्या गावी जाऊन भेटायची. तिथे अनेकांनी सांगितलं, की मनातून नकोच होतं. २००५ मध्ये तिने एका परिषदेत तो निबंध वाचला. आधी उपचार, मग विचारणं, असा नियम तिने आपल्या विभागात करून घेतला होता.

परिषदेत कुणीतरी म्हणालं, म्हणजे प्रश्न सुटला. आशाला तसं वाटत नाही. पट्टी हातात पडली तरी ती सैल झाली की माणूस परत आशाकडेच येणार, हे त्यालाही ठाऊक असतं. मग ज्याला पुन्हा आपल्याच दारात यायचंय, त्याला बिनधास्त नाही म्हणता येईल, असं विचारायचं तरी कसं?